मिटलेलं भांडण घेऊन कमिटीपुढे

"ताई, ती बाई मुद्दाम करते," निलेश फोनवर म्हणाला. "मी क्लायंटच्या मीटिंगमध्ये असतो आणि ब्रेकर उडतो. वायफाय बंद, सगळं बंद. आता तिला नोटीसच दिली आहे. घर खाली कर म्हणून."

कॅनडातल्या एडमंटनमधला ऐन हिवाळा होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईला अशा थंडीत बाहेर काढायचं म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तो पिसाळला होता.

मी तेव्हा भाडेकरू आणि घरमालक यांच्यात मीडिएशन करायचे. म्हणजे दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याआधी त्यांचं त्यांना मिटवू द्यायचं. निकाल द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही. आमची संस्था छोटी, शहराच्या ग्रँटवर चालणारी. माणूस बेघर झाल्यावर त्याला शेल्टरमध्ये ठेवण्यापेक्षा आहे त्या घरात टिकवावा, हा त्या ग्रँटमागचा विचार. मी नागपूरला फॅमिली कोर्टात वकिली केलेली, त्यामुळे भांडणांची सवय होती.

निलेश पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, घरून काम करणारा. त्याने घर घेतलं तेव्हा बेसमेंटमध्ये डोरीन आधीपासून राहत होती. जन्मभर स्कूल बस चालवून रिटायर झालेली, एकटी बाई.

मी आधी तिच्याकडे गेले. तिने घरातही जाड कोट घातला होता.

"हीटर लावू नको म्हणतो," ती म्हणाली. "मग मी काय करू?"

सगळं घर तापवणारी फर्नेस एकच, आणि तिचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट वर निलेशच्या खोलीत. त्या खोलीत दुपारी छान ऊन यायचं. वर ऊब आली की फर्नेस बंद व्हायची आणि खाली बेसमेंट गारठायचं. मग डोरीन हीटर लावायची, वर-खाली विजेची लाइन एकच, म्हणून ब्रेकर उडायचा. ब्रेकरचं पॅनल तिच्या स्वयंपाकघरात. निलेश धावत खाली येऊन दार ठोकायचा आणि ती दार उघडायची नाही. मुद्दाम कुणीच काही करत नव्हतं.

दोघांना ऑफिसमध्ये बोलावलं. बसल्या बसल्या निलेश मराठीत म्हणाला, "ताई, तुम्ही तरी आपल्या माणसाची बाजू घ्या."

मी इंग्रजीत उत्तर दिलं. "इथे जे बोलायचं ते डोरीनला कळेल असं बोला."

मग डोरीनच बोलली. "तू दार ठोकतोस ना, तेव्हा मला भीती वाटते. म्हणून मी उघडत नाही."

"माझी? भीती?" निलेशने विचारलं. त्याला खरंच कल्पना नव्हती.

त्या संध्याकाळी तो खाली जाऊन तिच्या सोफ्यावर थोडा वेळ बसला. वर गेला आणि त्याने मला फोन केला. "ताई, तिथे बसवत नाही हो. पाय बधिर होतात."

आठवडाभरात इलेक्ट्रिशियनने हीटरसाठी वेगळी लाइन टाकली. दार ठोकण्याआधी टेक्स्ट करायचं ठरलं. नोटीस मागे घेतली गेली. मी अधूनमधून दोघांना फोन करत राहिले. याला आम्ही फॉलो-अप म्हणायचो. बाहेरच्यांना तो निव्वळ गप्पांचा फोन वाटतो. पण एकदा तिच्या टीव्हीच्या आवाजावरून आणि एकदा त्याने दारापुढचा बर्फ न उपसल्यावरून पुन्हा पेटणार होतं, ते त्या फोनांवरच विझलं.

पुढे आमच्या ग्रँटचा विषय सिटी कौन्सिलच्या कमिटीसमोर आला. माझी बॉस लिंडा म्हणाली, "कागद कोणी वाचत नाही. माणसं घेऊन चल."

मी या दोघांना विचारलं. दोघंही आनंदाने तयार झाले. निलेश तिला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला, हाताला धरून पायऱ्या चढवल्या. माझ्या मनात आलं, आता ग्रँट कुठे जात नाही.

डोरीन छान बोलली. निलेशही बोलला. एका कौन्सिलरने चष्मा काढून विचारलं, "म्हणजे शेवटी हे तुम्ही दोघांनीच सोडवलंत?"

"हो," डोरीन निलेशकडे बघून हसली. "चांगला मुलगा आहे तो."

"वी जस्ट नीडेड टू टॉक," निलेश म्हणाला.

"एक्झॅक्टली," कौन्सिलर म्हणाले. "लोक समजूतदार असतात. त्यांना फक्त माहिती हवी असते."

लिंडाने हात वर केला, पण आमची वेळ संपली होती. ग्रँट बंद झाली. त्याऐवजी भाडेकरूंच्या हक्कांची माहिती देणारी वेबसाइट करायचं ठरलं. बाहेर आल्यावर निलेशने मला विचारलं, "चांगलं झालं ना, ताई?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या हिवाळ्यात फर्नेस बिघडली. निलेश ऑफिसच्या कामाने टोरांटोला गेलेला, फोन उचलत नव्हता. डोरीनने घाबरून घरांची तपासणी करणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरला बोलावलं. निलेशला ते परत आल्यावर, इन्स्पेक्टरकडूनच कळलं. आईवडील येणार, बेसमेंट हवंय, असं कारण देऊन त्याने पुन्हा नोटीस दिली. कायद्याने ते कारण चालतं.

मला हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कम्युनिटी हॉलमध्ये कळलं. निलेश बायकोला सोडायला आला होता.

"मी फोन केला होता तुमच्या ऑफिसला," तो म्हणाला. "आन्सरिंग मशीन नुसता वेबसाइटचा पत्ता सांगत होतं. तिनेही केला होता म्हणे."

"डोरीन कुठे आहे आता?"

"माहीत नाही. कुणीतरी ट्रक घेऊन आलं होतं. आम्ही वरूनच बघितलं."

"आणि आईवडील?"

"बाबांची तब्येत बरी नाही. बघू." तो गाडीची किल्ली चाळवत राहिला. बेसमेंट तेव्हा रिकामंच होतं.

मी आता एका विमा कंपनीत क्लेम्स बघते. जुन्या कामात येऊ पाहणारी मुलं सल्ला विचारतात, त्यांना एवढंच सांगते, ग्रँट मागायला जाताना मिटलेलं भांडण नेऊ नका. चालू असलेलं न्या, आणि ते तिथेच, कमिटीसमोर, होऊ द्या.