आप्पांचा तिसरा हात

सोलापुरात सात रस्त्याला मोबाइल दुरुस्तीची दुकानं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी आहेत. त्यातलं सगळ्यात अरुंद दुकान गुरुशांत हिप्परगीचं. पुढून पाहिलं तर चारचौघांसारखंच, फुटलेल्या काचा आणि फुगलेल्या बॅटऱ्या. काउंटरच्या मागे मात्र वेगळाच कारखाना. तिथं एका सैनिकाचं धड पडलेलं असायचं, एका राक्षसाचे दंड, कुणाचे तरी बूट घातलेले नुसतेच पाय. गावातली हौशी पोरं, आणि पोरांच्या नावाखाली त्यांचे बापही, आपल्या ॲक्शन फिगर त्याच्याकडे आणून देत. हा याचं मुंडकं त्याच्या धडावर बसवी, हात बदली, नवा रंग देई, आणि दुकानात विकत मिळालेला बाहुला जगात एकुलता एक होऊन घरी जाई.

काम सोपं नव्हे. स्क्रीन सोडवायची जी गरम हवेची बंदूक, तीच बाहुल्याच्या मानेवर धरायची. प्लास्टिक मऊ झालं की मान अलगद निघते. घाई केली तर आतली खुंटी तुटते. जुना रंग पुसायचा, नाक-हनुवटी कमी पडली तर पुट्टी मळून चढवायची, आणि चार केसांच्या ब्रशनं डोळे काढायचे. रंगवलेली मुंडकी अगरबत्तीच्या काड्यांवर टोचून, काड्या कच्च्या बटाट्यात रोवून वाळत ठेवायची. हे शेवटचं काम तो जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटच्या गच्चीवर करी.

त्या बटाट्यांनीच त्याचं लग्न मोडलं.

म्हणजे जुळत आलं होतं हो. अक्कलकोटची धनलक्ष्मी बघायला आली, चहा-पोहे झाले, आणि दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. तिनं कमाईचं विचारलं नाही, की फ्लॅट कुणाच्या नावावर तेही नाही. बटाट्यातली मुंडकी वाकून वाकून पाहिली आणि विचारलं, "डोळे आधी करता की ओठ?"

छत्तीस वर्षांच्या आयुष्यात गुरुशांतला हे कुणी विचारलं नव्हतं. "डोळे," तो म्हणाला. "डोळे चुकले तर बाकीचं करून काय उपयोग?"

"मला ओठ वाटले होते," ती म्हणाली, आणि हसली. खाली येताना गुरुशांतचे पाय जिन्याला लागत नव्हते.

पुढच्या आठवड्यात नकार आला. कारण सांगेनात. शेवटी धनलक्ष्मीच्या मामानं गुरुशांतच्या आईच्या, मायाक्काच्या, कानात सांगून टाकलं. समोरच्या बंगल्यातल्या रुद्रप्पांनी फोन केला होता. आता हे रुद्रप्पा म्हणजे चादरीच्या धंद्यातून निवृत्त झालेले, कपाळभर भस्म लावणारे, सोयरिकी जुळवणारं बडं प्रस्थ. त्यांच्याकडे चौकशी केल्याशिवाय त्या भागात मुलगी येत नाही आणि जात नाही. फोनवर ते म्हणाले होते, "पोरगा चांगला हाय. फक्त मुंडकी काड्यांवर टोचून गच्चीवर ठेवतो. अमावास्येला तर रांगच लागते. आपण शिकलेली माणसं, करणीबिरणी मानत न्हाय. मी आपलं कानावर घातलं." आणि कानावर घालून झाल्यावर त्याच मुलीसाठी स्वतःच्या पुतण्याचं स्थळ पुढं केलं. तिनं पुतण्यालाही नको म्हटलं, पण गुरुशांतचं जायचं ते गेलंच. करणीवाला म्हणून नाव झालं. त्यानंतर दोन स्थळं दारापर्यंतही आली नाहीत.

"आता काय करणार हायस?" मायाक्कानं विचारलं. "जाऊन त्याचं मुंडकं उपटणार?"

"उपटणार," गुरुशांत म्हणाला. "बारकं."

तो आपला रागानं बोलून गेला. पण ऐकणारा देव त्या दिवशी जागा असावा, कारण महिना लोटला नाही तोच रुद्रप्पा स्वतःच दुकानात आले. अंगावर शाल, चेहऱ्यावर जणू काही घडलंच नाही असं हसू.

"मनात काय ठेवू नकोस बरं का, गुरुशांत. सोयरीक काय, आज मोडती उद्या जुळती. मला तुझ्याकडनं माझाच एक पुतळा पाहिजे. हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवायला. माणसं येतात, बघतील."

"करू की, आप्पा."

"छाती जरा भरून दे. फोटो आणलाय."

फोटो तीस वर्षांपूर्वीचा होता.

गुरुशांत कामाला लागला. परदेशी पहिलवानाचं धड घेतलं, वर रुद्रप्पांचं मुंडकं घडवलं, शिवून घेतलेलं बारकं धोतर नेसवलं. सूड काय घ्यावा हे मात्र ठरेना. आधी नाक वाकडं केलं, ते पुसलं. पोट सुटलेलं करून पाहिलं, तेही खरवडून काढलं. असला पुतळा रुद्रप्पा परत आणून टाकतील आणि वर गावभर सांगतील की पोराला काम येत नाही. त्याला असा सूड हवा होता की रुद्रप्पांनी तो स्वतः हातात धरून, मिरवत घरी न्यावा. मान बसवली, भस्माचे पट्टे ओढले, तरी तसला सूड सापडेना. पुतळा दिवसेंदिवस सुंदर होत चालला आणि गुरुशांतचं पित्त वाढत चाललं.

सूड सापडला कुंभारी गावाच्या पुढे, अक्कलकोट रस्त्यावर. एका गिऱ्हाइकाचा फोन पोचता करून येताना तो ढाब्यावर चहाला थांबला. मागच्या बाजूला हिरवी जाळी, जाळीआड बाज, बाजेवर एक गृहस्थ बसलेले. शाल घडी करून बाजूला, कपाळ स्वच्छ पुसलेलं. पुढ्यात लाल रश्शाची वाटी, आणि दोन बोटांत धरलेली मटणाची नळी. गृहस्थांनी ती ताटलीवर टकटक आपटली, डोळे मिटले, आणि आतला मगज असा ओढला की चहावाल्यानंही मान वळवली. ओढताना करंगळी ताठ उभी.

रुद्रप्पा. ज्यांच्या घरी सोमवारच्या आमटीत लसूण पडला तर पातेलं परत घासायला जातं, ते रुद्रप्पा.

गुरुशांतनं फोटो काढला नाही. फोटोला माणूस खोटा म्हणू शकतो. त्यानं करंगळी डोळ्यांत भरून घेतली आणि चहा तसाच टाकून दुकान गाठलं.

तर चांगल्या फिगरबरोबर जादा हात येतात. एक मूठ, एक उघडा पंजा, एक हत्यार धरायचा. मनगटातून ओढायचा, दुसरा बसवायचा. गुरुशांतनं रुद्रप्पांसाठी तीन उजवे हात केले. एक आशीर्वादाचा. एक काठी धरलेला. तिसऱ्यावर त्यानं जेवढा जीव टाकला तेवढा आजवर कुठल्याही कामावर टाकला नसेल. तांदळापेक्षा थोडी मोठी नळी, टोकाला मगजाचा ओला पिवळा ठिपका, बोटांवर तेलाची चमक, आणि करंगळी ताठ.

पुतळा घरी नेऊन दिला तेव्हा रुद्रप्पा खूश. आशीर्वादाचा हात लावलेला, छाती भरलेली. "अस्सा होतो मी," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना फोन करायला आत गेले. कपाटाची किल्ली त्यांच्या बायकोच्या, गौरम्माच्या, कमरेला. गुरुशांतनं उरलेल्या हातांची डबी तिच्याकडे दिली.

"काकू, हात बदलता येतात. निवांत बघा."

"बघते की," गौरम्मा म्हणाली.

मग काहीच घडलं नाही. बरेच दिवस समोरच्या बंगल्यातून नुसता कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज. सूड फुकट गेला असं वाटून गुरुशांतला जेवण जाईना. आणि एका रविवारी गौरम्माचा फोन आला.

"गुरुशांत, ये की जरा. आप्पांचा गुडघा ढिला झालाय."

"मग डॉक्टरला…"

"कपाटातल्या आप्पांचा."

तो चिमटा घेऊन गेला तर हॉल भरलेला. एका मुलीकडची मंडळी रुद्रप्पांचा सल्ला घ्यायला आली होती. गौरम्मानं कपाट उघडून दिलं. गुरुशांतनं आत पाहिलं आणि त्याचा चिमटा हातातच राहिला. आशीर्वादाचा हात गेला होता. करंगळी ताठ होती.

मंडळींतली एक म्हातारी जवळ येऊन न्याहाळू लागली. "हातात काय धरलंय हो?"

"कांडी," गौरम्मा म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मागावरची, सुताची. जन्मभर चादरीचा धंदा केला न्हव का, म्हणून दिलीय त्यानं."

सोफ्यावरच्या दोन पुरुषांनी काय ते ओळखलं असावं, कारण दोघांनाही एकदम ठसका लागला. पण ओळखलं म्हणून सांगायची सोय कुणाला होती?

रुद्रप्पांनी इतके दिवस चष्म्याशिवाय लांबूनच स्वतःचं कौतुक केलं होतं. आता त्यांनी चष्मा चढवला. उठून आले, वाकले. आधी कान लाल झाले, मग मान.

"गुरुशांत, ती नळी आधी काढ."

म्हातारी आणखी पुढं सरकली.

"नळी?" म्हातारी म्हणाली. "कांडी ना ती?"

"तेच की," गौरम्मा म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. "आमच्या घरात नळी कुणाला ठाऊक? तुमी कुटं बघितली हो?"

"म्हणजे… ऐकून माहीत हाय."

"ऐकून एवढी बारकी ओळखू येती?"

रुद्रप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला. पिताना करंगळी ताठ उभी राहिली. म्हातारीनं तांब्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. गुरुशांत गुडघा आवळत बसला होता. चिमटा तो मुद्दाम हळू चालवत होता. असलं सुख घाईनं उरकायचं नसतं.

त्यानंतर जुळे सोलापुरात रुद्रप्पांची विचारपूस फार वाढली. दुधाच्या रांगेत लोक मोठ्या आदरानं विचारत, "आप्पा, कांडी बरी आहे ना?" मंडळी सल्ला घ्यायला कमी आणि कपाट बघायला जास्त येऊ लागली. हात काढ म्हणावं तर गौरम्मा विचारी, "का? कांडीचं काय वावडं हाय?"

शेवटी एका दुपारी रुद्रप्पा रिक्षातून सात रस्त्याला उतरले. दुकानात कुणी नाही असं पाहून आत शिरले.

"एक हात करून दे, गुरुशांत. मोकळा, नमस्काराचा. तुझी काकू म्हणती नवा हात आण, मग बघू."

"करतो. तुम्ही अक्कलकोटला फोन लावा. इथंच, माझ्यासमोर."

"लावतो की. मीच सोयरीक परत जुळवतो. सांगतो, माझा गैरसमज झाला."

"गैरसमज नाही. खोटं बोललो म्हणा."

रुद्रप्पांचा चेहरा आवळला. "माझ्या वयाच्या माणसानं तसलं बोलायचं?"

"फोन तसला करताना वय कुठं होतं?"

"हे बघ. माझ्याशिवाय तुला पोरगी कोण देणार हाय? गैरसमज म्हणतो, घोडीवर बसवतो. ताणशील तर बस मुंडकी टोचत. उद्या येतो, विचार करून ठेव."

ते गेल्यावर गुरुशांतला पहिल्यांदा सूड जड झाला. गैरसमज तर गैरसमज, धनलक्ष्मी तर मिळेल. सकाळी दुकानात येऊन त्यानं नमस्काराचा हात घडवायला घेतला. हात चांगला होईना. तरी केला, रंगवला, काडीवर वाळत ठेवला.

दुपारी रुद्रप्पांच्या आधी गौरम्मा आली. काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली आणि तो हात बघितला.

"त्यांच्यासाठी?"

गुरुशांतनं काडी उगाच फिरवली.

"दे की त्यांना. लावायचा कुणी? किल्ली माझ्याकडं." तिनं पदरानं घाम पुसला. "माझ्या लेकीच्या फ्रिजमध्ये अंडी दिसली म्हणून दोन वर्षं तिच्या घरचं पाणी पिले न्हाईत हे. पोर रडून रडून बाळंतपणाला माहेरी न येता नणंदेकडं गेली. आणि आपण बाहेर चोरून नळ्या ओढायच्या. करंगळी बघितली आणि मला सगळं कळलं. पंगतीत बासुंदी आवडली की अशीच उठती ती."

"काकू, ते अक्कलकोटला बोलणार होते…"

"ते काय बोलतात? धनलक्ष्मीची आई माझ्या माहेरची हाय. काल मीच फोन लावला. करणीचं खोटं हाय म्हणून सांगितलं. आणि का सांगितलं ते पण. नळीचं सुद्दा."

गुरुशांतनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"हसल्या. लई वेळ हसल्या. पोरगी मागनं काय काय विचारत होती. जुळंल का न्हाय ते मी सांगत न्हाय. पण हसल्यावर माणसाशी पुढचं बोलता येतं."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. रुद्रप्पा असावेत. गौरम्मानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. ती काउंटरवर पुढं झुकली.

"माझं काम वेगळंच हाय. तो डावा हात रिकामा बरा दिसत न्हाय. नुसती नळी कोण खातं? त्यात भाकरी दे."

गुरुशांतनं नमस्काराचा हात काडीवरून उपटून टोपलीत टाकला आणि पुट्टीचा डबा उघडला.

"ज्वारीची?"

"मग काय," गौरम्मा म्हणाली. "आणि कडक."