तेल पाजलेला चरखा

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मी आजही ओशाळतो. मुलीला ऑनलाइन पियानो शिकवणाऱ्या पोलंडच्या संगीतकार बाई नागपूरला आमच्या घरी येणार होत्या, म्हणून मी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आईच्या जुन्या चरख्याला सकाळीच भरपूर तेल पाजलं. बाई आल्या त्या चहाही न घेता थेट चरख्यापाशी बसल्या. त्यात एवढं काय पाहायचं, मला कळेना. आईने चाक फिरवलं, आवाज काही नाही. बाईंचा चेहराच उतरला. मुलगी पुटपुटली, “बाबा, शिकवणीत मागून येते ना, ते कुरकुर ऐकाले आल्या त्या! त्याच्यावर नवी रचना करून राहिल्या.” उभं आयुष्य पोरांना सूर शिकवणारी बाई इतक्या दुरून आली आणि मी तिचा सूरच पुसून ठेवला होता. तेवढ्यात आई म्हणाली, “थांब वं पोरी,” आणि चाक फिरवत तोंडाने हुबेहूब आवाज काढला, “कुंईऽ कुंईऽ टक!” साठीच्या त्या पोरीने डोळे मिटून ऐकलं, वहीत भराभर उतरवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. त्या गेल्यावर बायको म्हणाली, “दहा वर्षं झाले सांगून राहिली, चरख्याले तेल घाला म्हणून. तुमाले आजचाच दिवस सापडला जी?”