दादापट्टी कुणाची

दादापट्टीची आयडिया माझी होती. हे मी अख्ख्या पुंडलिकनगरात सांगत फिरले, पण वेळेवर कुणीच विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईला असलं सुचतं व्हय, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, नुसते हसले. नंबरप्लेटच्या दुकानात जन्म गेला की असे किस्से रेडियमच्या कातरणासारखे साठतात. कितीही झाडा, एखादं बोटाला चिकटूनच राहतं.

*

आधी आमच्या दुकानात सगळ्या प्लेटा हातानं व्हायच्या. कारागीर शब्बीरभाई रेडियम कापायचे, मी चिकटवायची. 4141 असेल तर त्याचं ‘दादा’, 214 असेल तर ‘राम’. नंबर बघितला की त्यांच्या कात्रीला अक्षर दिसायचं.

एकदा एक जण 1537 नंबर घेऊन आला. म्हणाला, यातून बायकोचं नाव काढून द्या. शब्बीरभाईंनी कागद उभा धरला, आडवा धरला.

“भाऊ, इस नंबर में नहीं निकलता. बायको बदलो या गाडी.”

पुढच्या महिन्यात तो नवी गाडी घेऊन आला!

*

मग सरकारनं ठरवलं, सगळ्या गाड्यांना एकसारख्या प्लेटा. काम कंत्राटदाराला गेलं आणि आमच्या भागातलं प्लेटा बसवायचं सेंटर कुणाला मिळालं? आमच्या रेखाला. रेखा म्हणजे माझी धाकटी जाऊ. बारावी झालेली, कॉम्प्युटर येतो, ऑनलाइन फॉर्म भरला आणि मोकळी झाली.

एकाच घराची दोन शटरं. तिच्या शटरवर मोठा बोर्ड, त्यावर ‘संचालिका : सौ. रेखा’. संचालिका म्हणे! हातोडी कुठं धरायची ते मी शिकवलंय तिला. माझ्या शटरवर नुसतंच ‘रेडियम आर्ट’. नाव कुणाचंच नाही. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागंना.

*

लोक माझ्याच शटरसमोर गाडी लावायचे आणि मलाच विचारायचे, रेखामॅडम कुठं बसतात? दहा वेळा सांगितलं. अकराव्याला म्हटलं, सरळ जालना रोडनं जा, करमाड आलं की कुणालाही विचारा.

तो बाबा खरंच गेला. दीड तासानं परत आला, तो करमाडचे चार मोटरसायकलवाले सोबत घेऊन. चौघांनाही प्लेटा बसवायच्या होत्या. रेखाकडं.

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लास्टिकचे डबे वाटले. रेखानं काय वाटावं? छोट्या नंबरप्लेटचं कीचेन, प्रत्येकीचं नाव घातलेलं. बायका माझा डबा तिथंच विसरून गेल्या.

माझं कीचेन बघितलं तर त्यावर ‘शंकुतला’. अनुस्वार एक घर आधी. म्हटलं, रेखा, बारावीत अनुस्वार शिकवत नाहीत का?

“अक्का, घाईत झालं. पण कळतंय ना तुमचंच आहे म्हणून.”

*

आता पट्टीचं. करमाडकडं अनाथ मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या बाई देणगी मागायला रेखाकडं आल्या होत्या. मी तिथंच मेथी निवडत बसले होते. मीच म्हटलं, जो कुणी देणगी देईल त्याच्या गाडीला प्लेटखाली एक पट्टी लावा. पट्टीवर 4141, आमच्या जुन्या वळणाचं. म्हणजे एकेका मुलीला एकेक दादा झाला.

रेखा म्हणाली, “बघू अक्का.”

आठ दिवसांत पट्ट्या तयार. पेपरात फोटो, खाली लिहिलेलं, संचालिकेची अभिनव कल्पना. फोटोत माझं फक्त कोपर आलं.

आमच्या ह्यांना विचारलं, आयडिया माझी होती ना? म्हणाले, असेल. गिरणीत सांगितलं, पार्लरमध्ये सांगितलं, दूधवाल्याला उभं करून सांगितलं. शब्बीरभाई तेवढे म्हणाले, “भाभी, मैं मानता हूँ.”

म्हटलं, मग चारचौघांत सांगा की.

“चारचौघों में नाय. मेरे को भी रेखामॅडम के पासच काम माँगना है.”

*

परवा पाचोडचे एक जीपवाले आले. त्यांच्या जीपचा खरोखरचा नंबर 4141. हातात दंडाचं चलान. गुन्हा काय, तर हेल्मेट न घालता गाडी चालवली.

“जीपच्या टपावर हेल्मेट ठेवू का, मॅडम?”

झालं असं, की कुठल्यातरी मोटरसायकलवाल्या दादाला हवालदारानं पकडलं होतं. प्लेटवरची वरची अक्षरं घेतली, ती नेमकी जीपसारखीच, आणि खालचा आकडा घेतला पट्टीवरचा. दंड गेला पाचोडला.

जीपवाल्यांच्या मागोमाग कंत्राटदाराचा साहेब आला. प्लेटखाली असलं काही लावायला परवानगी नाही, म्हणाला. दोष कुणाचा ते लिहून द्या, नाहीतर सेंटर बंद. लोक जमले. गिरणीवाला आला, पार्लरवाली आली, दूधवाला सायकल टेकवून उभा राहिला.

“ही आयडिया कुणाची?”

रेखानं मान खाली घातली. मी तोंड उघडलं, तिचंच नाव सांगायला. त्याआधीच सगळे एका सुरात बोलले, “ह्यांची. कधीच्या सांगत होत्या, आम्हीच ऐकलं नाय.” शब्बीरभाई चारचौघांत बोलले. आमचे हेसुद्धा बोलले.

साहेबानं पेन काढलं. रेखा जवळ सरकली आणि हळू आवाजात एकेक अक्षर सांगायला लागली. अनुस्वार कुठं द्यायचा तेही सांगितलं. या वेळी बरोबर सांगितलं.

जबाबदार व्यक्ती : सौ. शकुंतला भानुदास काळे.