टाइपरायटरवरचा सोनाटा
निजामी संपून दहाएक वर्षं झाली असतील. उस्मानाबादच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणारे एक गृहस्थ बसायचे. सवड मिळाली की कागद काढून ठेवायचे, हैदराबादेहून आणलेलं पियानोचं पुस्तक उघडायचे आणि त्यातला सोनाटा, म्हणजे पियानोसाठी लिहिलेली एक लांबलचक रचना, टाइपरायटरवरच वाजवायचे.

“लई अवघड आहे. रोज शिव्या देतो, पण सोडवत न्हाय,” ते मला म्हणाले.

अधिकाऱ्यांच्या क्लबात जुना पियानो पडून होता. मी खटपट करून त्यांच्यासाठी तो वाजवायची परवानगी काढली. हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

“नको हो! तिथं चुकलेलं ऐकू येईल.”

तरी संध्याकाळी आले, इस्त्रीचा कोट घालून. पियानोचं झाकण त्यांनी उघडलंच नाही. बंद लाकडावरच अख्खा सोनाटा वाजवला. मग घाम पुसत, भरल्या डोळ्यांनी म्हणाले, “काय आवाज आहे हो ह्याचा!”