न बेणलेला कोपरा

माझी पदवी तण नसल्यामुळे राहिली. हे सांगितलं की लोक हसतात, मग मीही हसते, पण आतून अजून चिडलेली असते.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. लग्न होऊन मी बोरिवलीत आले तेव्हा वनस्पतिशास्त्राचा प्रबंध तेवढा बाकी होता. सासरी खोल्या दोन, माणसं सहा. सासऱ्यांनी जेवता जेवता निकाल दिला, "एक पावसाळा घे. त्यात झालं तर झालं. मग घराकडे बघायचं." तसं घरात कुणी वाईट नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी वाईट असावं लागतं. ते नसल्यामुळे माझा जीव नुसताच कोंडायचा. गोळा केलेली तणं वर्तमानपत्रांत घालून गादीखाली दाबायची, आणि त्याच गादीवर झोपायचं. जागाच दुसरी नव्हती.

विषय होता गोराईच्या भातशेतांतलं तण. महिन्यातून एका रविवारी मी होडीने खाडी ओलांडून जायची. बरोबर एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट. डोळे मिटून ती शेतात फेकायची आणि तिच्या आत काय काय उगवलंय ते मोजायचं. एवढंसं गाव, पण तुकड्या-तुकड्यात केवढा फरक! वरच्या अंगाला पाणी ठरत नसे, तिथे केना माजलेला. खाली पाणी साचायचं, तिथे तो औषधालाही सापडायचा नाही. खाडीच्या बांधाला लागून खारं पाणी झिरपायचं. तिथे लव्हाळा सोडला तर फारसं काही तग धरत नसे. कुठलं तण कुठे येणार हे जमीन, पाणी आणि माणसाचा हात मिळून ठरवतात. त्यात हाताचा वाटा किती, हे मला दाखवायचं होतं. त्यासाठी एक तुकडा असा हवा होता, की ज्यातलं तण कुणी काढलेलंच नाही.

तो मला गावातल्या एका मावशींनी दिला. त्यांचा नवरा मासेमारीच्या बोटीवर, शेत त्या एकट्या बघायच्या. "हा कोपरा तुजा," म्हणाल्या. बाकीचं शेत त्यांनी वाकून वाकून बेणलं, तण म्हणून ठेवलं नाही. माझा कोपरा मात्र तसाच रानटी वाढू दिला. शेजारणी आळशी म्हणून चिडवायच्या, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

तीन फेऱ्या झाल्या. चौथी सगळ्यात महत्त्वाची, कारण देवभात नावाचं तण लोंबी येईपर्यंत हुबेहूब भातासारखं दिसतं. आधी कितीही मोजा, कळत नाही. त्या शेवटच्या मोजणीवर माझा सगळा प्रबंध उभा होता.

तिसऱ्या फेरीला घरी परत निघताना मी सहज बोलून गेले, "मावशी, पुढच्या खेपेला सासूबाई येणारेत. मी कुठे जाते ते बघायचंय त्यांना." मावशींनी मान डोलावली आणि माझ्या हातावर थोपटलं.

त्या रविवारी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून होडीत बसल्या. बांधावर पोचलो आणि माझे पाय थबकले. माझा कोपरा लख्ख होता. भाताच्या बुंध्यांमध्ये नुसता चिखल दिसत होता.

मावशी हसत हसत आल्या. मला बाजूला घेऊन कानाशी म्हणाल्या, "दोन दिस बसून काढला सगला. सासू येनार, नि पोरीचा कोपरा असा गलिच्छ? तुजा नाव नको जायाला."

"उपटलेलं कुठे टाकलंत, मावशी?"

"बैलांनी खाल्ला कवाच."

मला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण रडणार कुणापुढे? एकीने दोन दिवस कंबर मोडून माझी अब्रू राखली होती, आणि दुसरी पाच पावलांवर उभी होती. आज वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं. सासूबाई कोकणातल्या, त्यांना शेत कळायचं. कदाचित हेही कळलं असतं आणि आणखी एक पावसाळा मिळाला असता. पण शहाणी सून म्हणून मिळवलेलं नाव माझ्या जिभेवर बसलं होतं. "छान केलंत, मावशी," एवढंच मी म्हणाले.

"अगं, फेक ना ती तुझी चौकट," सासूबाई म्हणाल्या. "बघू तरी काय करतेस ते."

मी डोळे मिटले आणि चौकट फेकली. मग चिखलात उकिडवी बसून, वही उघडून, एकेक बुंधा हाताने बाजूला करत नेहमीसारखं सगळं तपासलं.

"किती निघालं?"

"एकही नाही."

"वा!" सासूबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "म्हणजे झालं की गं तुझं काम!"