विहिरीवर थांबलेली सून

श्रावणातला तिसरा रविवार, दुपारचे बारा. ठिकाण : जुन्नर, आमचं राहतं घर. हजर : माझी थोरली बहीण आक्का, अंथरुणावर, माझी बायको यशोदा, तिच्या उशाशी, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर, आणि मी, मराठी शाळेतला मास्तर, कागद-पेन्सिल घेऊन.

डॉक्टरांनी आक्काचा उजवा हात उचलून सोडला. तो पडला. मग ते म्हणाले, "अपोप्लेक्सी." म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धं अंग लुळं पडणं, आपण अर्धांगवायू म्हणतो तोच. "आणि अफेझिया." म्हणजे कान शाबूत, जीभ शाबूत, अक्कलही शाबूत, पण मनातला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही.

"गर्दी नको," डॉक्टर म्हणाले. "गिळता येतंय, तेव्हा पोटात अन्न गेलं पाहिजे. गेलं तर ही बाई उठेल. नाही गेलं तर माझ्याकडे दुसरं औषध नाही."

तासाभरापूर्वी आक्का ओट्यावर श्रावणातली रविवारची कहाणी सांगत होती. आळीतल्या बायका मुठीत तांदळाचे दाणे घेऊन ऐकत होत्या; कहाणी संपली की ते तुळशीला वाहायचे. अर्ध्यावर तिचं तोंड वाकडं झालं आणि ती कलंडली. बायका ओरडल्या, दाणे सांडले. पुढे डॉक्टर येणार म्हणून ओटा मीच झाडून काढला.

ज्यांच्या घरी असं माणूस अंथरुणावर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. मी पहिल्याच दिवशी तीन याद्या केल्या. औषधाच्या वेळा. कूस बदलण्याच्या पाळ्या. एकाच कुशीवर ठेवलं तर पाठीला जखमा होतात. आणि आत कोणाला सोडायचं त्यांची नावं. ही तिसरी दाराला चिकटवली. तीत फक्त घरचीच माणसं होती.

सोमवारी आक्काने औषध घेतलं, दूधभाताला मात्र दात मिटले. मंगळवारीही तेच. डाव्या हाताची मूठ वळून ती वर-खाली ओढायची. मी लिहिलं, "पाणी." भांडं तोंडाशी नेलं. तिने ते उडवून लावलं.

बुधवारी मी वस्तूंची यादी करून मोठ्याने वाचली. पाणी? पांघरूण? खिडकी? डिंगोरे गावाहून आपल्या थोरल्या वहिनीला बोलावू? प्रत्येक शब्दाला आक्का नाही म्हणून मान हलवी. शेवटी तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

"अहो, हजेरीगत काय वाचताय?" यशोदा म्हणाली. "त्यांच्याकडं बघा की जरा."

गाल आत गेले होते. गुरुवारी सकाळी मी वहीत 'आज चौथा दिवस' एवढंच लिहिलं आणि पुढे पेन्सिल चालेना.

तेवढ्यात दारात अमिनाबी आली. समोरच्या कागद्यांच्या घरातली ही म्हातारी. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद बनतो. दर श्रावणात ती ओट्याच्या कडेला बसून आक्काच्या कहाण्या ऐकते.

"मास्तर," ती म्हणाली, "चार दिस झालं, तुमच्या दारावरला कागद मला आत सोडंना. त्यो कागद आमच्याच घरचा हाय, एवढं तरी ध्यानात घ्या."

मी बाजूला झालो. ती आक्काजवळ बसली आणि तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत तांदळाचे दाणे होते.

"आक्का, ह्ये कुठं टाकू? तुमच्या कहाणीतली सून रविवारपास्नं विहिरीवर उभी हाय. पाणी काढीना, घरला जाईना. तिला तिथंच सोडून मी दाणं कसं टाकू?"

आक्काची मूठ पुन्हा वर-खाली होऊ लागली.

"व्हय व्हय, पाणी शेंदत व्हती ना," अमिनाबी म्हणाली.

यशोदाने कपाळावर हात मारला. "कहाणी पुरी झाल्याबिगर आक्कांनी कधी घास घेतलाय का?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या कुठल्याच यादीत ते नव्हतं.

मग अमिनाबीने कहाणी पुढे नेली. सुनेने घागर भरली, वाटेत तहानलेलं जनावर भेटलं... इथे आक्काने अंथरुणावर थाप मारली. असं मोघम जनावर तिला चालेना. यशोदाने चुलीतला कोळसा आणला, अमिनाबीने घरून फाटके कागद मागवले. आक्का डाव्या हाताने ते जनावर काढू लागली.

"कुत्रं?" अमिनाबीने विचारलं. "पण आक्का, ह्या कुत्र्याला शिंगं हायेत!"

आक्का अर्ध्या तोंडाने हसली. ते वासरू होतं. सुनेने सगळं पाणी त्याला पाजलं, रिकामी घागर घेऊन ती घरी आली, सासूने वाकून पाहिलं तर घागर काठोकाठ. प्रत्येक वाक्याला आक्का "हं" म्हणत होती. ऐकणारीने द्यायचा हुंकार सांगणारी देत होती. चार दिवसांतला तो तिचा पहिला आवाज.

अमिनाबीने दाणे आक्काच्या डाव्या मुठीत दिले, यशोदाने तुळशीची कुंडी अंथरुणाशी आणून ते आक्काच्याच हाताने वाहायला लावले. मग आक्काने तोंड उघडलं. दूधभात, सात चमचे.

शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?"

"कहाणी."

त्यांनी सारं ऐकून घेतलं. "अफेझियात वर्षानुवर्षं तोंडी बसलेलं कधी कधी आधी परत येतं," ते म्हणाले. "रोज देत चला."

आता कार्तिक आहे. आक्का भिंत धरून उभी राहते. थोडे शब्द आले आहेत, आणखी येतील. याद्या करा, त्यांच्यामुळेच तिची पाठ शाबूत राहिली. पण आजारी माणूस पडलं तेव्हा काय करत होतं आणि शेजारी कोण बसलं होतं, हे आधी विचारा. अमिनाबीचे उपकार मी विसरणार नाही. दारावरचा तो कागद त्या गुरुवारीच काढला.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आक्काने चित्र काढलं आहे. विहीर, सून, वासरू आणि कडेला हातात यादी घेतलेला एक माणूस. अमिनाबीने ते पाहून टाळी दिली, "मास्तरांना कान काढलेच न्हाईत!"

मी ते चित्र भिंतीवर लावलं आहे. खाली कोळशाचा तुकडा ठेवला आहे. रोज शाळेतून आल्यावर विचारतो, "आक्का, आज कान काढतेस?" ती माझ्याकडे नीट बघते आणि म्हणते, "अजून न्हाई."