मनकर्णाबाईंची सरळ रेघ

माणूस दोन पायांवर उभा राहतो तरी कसा, एवढ्या एका प्रश्नापायी कल्याण सानपांनी तीस वर्षं घालवली. नगरच्या एका कॉलेजात ते बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. लहानपणी ऊसतोडीला गेल्यावर आई, मनकर्णाबाई, डोक्यावर मोळी घेऊन वीतभर फळीवरून ट्रकवर चढायची आणि हे ध्यान खाली डोळे गच्च मिटून बसायचं. आई कधी पडली नाही. का पडली नाही, याचाच पोरानं पिच्छा पुरवला आणि शेवटी डॉक्टर होऊन बसलं. पण सुई न टोचणारा हा कसला डॉक्टर, हे त्यांच्या खर्डा गावाला अजून कळलेलं नाही. शेजारची छबूबाई आजही त्यांना गुडघे दाखवते.

तर ही न पडणारी आई पंचाहत्तरीत वर्षभरात तीनदा पडली. तेही सपाट अंगणात! सरांच्या जिवाला घोर लागला. "आई, खर्डा सोड आणि नगरला चल," म्हणून मागे लागले. म्हातारी कसली ऐकते! अखेर पैज लागली. सरांच्या यंत्रानं तोल गेलाय म्हटलं तर नगर, नाहीतर खर्डा.

यंत्र म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पाटाएवढी लोखंडी फळी. वर उभं राहिलं, की अंग किती हलतं त्याची रेघ पडद्यावर उमटते. मनकर्णाबाईंनी चपला काढल्या, फळीच्या पाया पडल्या आणि उभ्या राहिल्या. रेघ अशी काही नाचली, की बघायलाच नको.

"बघ! आता बोचकं बांध," सर म्हणाले. जिंकल्याचा आनंद काही लपेना.

"थांब रं शान्या. मोकळ्या डोक्यानं मी कवा हुबी ऱ्हायलेय? कायतरी दे डोक्यावर."

प्रयोगशाळेत काय मिळणार, कप्पाळ! कपाटात सरांच्या पीएचडीच्या प्रबंधाच्या चार जाडजूड लाल प्रती होत्या. वीस वर्षांत त्यांना झुरळाशिवाय कुणी हात लावला नव्हता. म्हातारीनं पदराची चुंबळ केली, चारही प्रती वर ठेवल्या. मान ताठ झाली आणि पडद्यावरची रेघ आखल्यासारखी सरळ!

सर आ वासून बघत राहिले. शेकडो माणसं या फळीवर उभी केली, सगळी रिकाम्या डोक्यानं. ट्रकवर चढणाऱ्या आईच्या डोक्यावर मोळी होती, हेच हा विद्वान विसरला होता.

"आई, पडायला कधीपासून लागलीस गं?"

"तू दारात नळ आनलास तवापास्नं. डोईवरचा हंडा सुटला न्हवं."

नळ सरांनी मायेनं घेतला होता, गावभर पेढे वाटले होते. डोळे पुसत म्हणाले, "उद्याच तोडतो तो नळ."

"आरं मेल्या, नळ कशाला तोडतोस? मला काय येड लागलंय हिरीवर जायला? ही पुस्तकं दे बांधून."

पैज ती पैज. सरांनी स्वतः आईला खर्ड्याला पोचवलं. आता रोज सकाळी मनकर्णाबाई डोक्यावर प्रबंध घेऊन अंगणात वीस फेऱ्या मारतात. चार महिने झाले, पडल्या नाहीत.

दर रविवारी सर जातात, ओट्यावर बसून आईला चालताना बघतात. आता डोळे मिटत नाहीत. परवा मनकर्णाबाई चालता चालता त्यांच्यापुढं थांबल्या.

"नुस्ता बघत काय बसलास, कल्यान? दुसरं लिहाय घे. हे लई हलकं पडतंय."